लिफ्टमधलं भुजिंग

जगातल्या पुष्कळ लिफ्टमध्ये भुजिंग आहे आणि ते मी ठेवलेलं आहे. पदार्थ कोंबडी-पोह्यांचा, पण वास येत नाही, सांडत नाही, उंदीर लागत नाहीत. तरी आहे. ते तिथे कसं गेलं हे आमच्या घरात अजून कोणाला नीट कळलेलं नाही. आमचे हे वाडीत केळीला पाणी सोडता सोडता सगळं ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "पण मग कोंबडी गेली कुठे?" म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

माझा धंदा पुस्तिका लिहिण्याचा. नवं यंत्र घेतलं की खोक्याच्या तळाशी थर्माकोलखाली जी पुस्तिका सापडते आणि जी तुम्ही न उघडता जुन्या पावत्यांच्या पिशवीत कोंबता, ती मी लिहायची. यंदा निवृत्त झाले. "काय करता?" असं लोक विचारायचे आणि मी सांगितलं की म्हणायचे, "अच्छा, टायपिंग." पूर्वी मला याचा राग यायचा. आता जास्त येतो.

या धंद्यातलं पहिलं शहाणपण मला आचोळ्याच्या एका किराणा दुकानदारानं शिकवलं. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची पुस्तिका होती. मी लिहिलं होतं, "काट्यावर काहीही न ठेवता काटा चालू करा." त्या गृहस्थानं काट्यावरची स्टीलची थाळीही काढून ठेवली, काटा चालू केला, मग थाळी परत बसवली. झालं, त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला साखरेबरोबर थाळीचंही वजन. आचोळ्याच्या बायकांनी दुकानासमोर त्याची अशी खरडपट्टी काढली की तो काटा बगलेत मारून थेट आमच्या ऑफिसात आला. म्हणाला, "बाई, तुम्हीच लिवलंय, काहीही नको. थाळी म्हणजे काहीतरीच ना?" मग मी एक नेम केला. पुस्तिका लिहून झाली की एक कोरं यंत्र पुढ्यात घ्यायचं, आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही असं धरायचं आणि पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच करायचं. एक ओळ अडली तरी पुस्तिका बाहेर जाणार नाही.

हा नेमच पुढे माझ्या गळ्यात आला.

शेवटची नोकरी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत. खाली बिजागऱ्यांचा कारखाना, वर आम्ही. खाली दिवसभर ठाणठाण, वर सगळे कानात बोंडं घालून कॉम्प्युटरसमोर. आमच्या कंपनीनं स्वतःची एक प्रोग्रामिंग भाषा काढली होती. पंप, शीतपेट्या, लिफ्ट असली यंत्रं चालवण्यासाठी. भाषेचं नाव सांगत नाही, त्यांचे वकील दिवाळी अंक वाचतात. जगात भाषा कमी पडल्या होत्या का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लग्नघरात जाऊन घटस्फोटाचं विचारलंय.

त्या भाषेला एक नवी यंत्रणा जोडायची होती, आणि तिची इंटरनेटवर वाचायची पुस्तिका माझ्याकडे आली. यंत्रणा बनवली होती मेल्विननं. मेल्विन नंदाखालचा, म्हणजे आमच्या आगाशीच्या शेजारचाच. चाळिशीचा, हुशार, नाताळात मांडव घालायला सगळ्यात पुढे. घरी वसईची कादोडी बोली बोलतो, ऑफिसात हिंदी-मराठी-इंग्रजीची मिसळ, आणि स्वतःच्या कामाबद्दल काहीच बोलत नाही. "हे कसं चालतं?" विचारलं की, "कोड वाचा ना मॅडम." विहीर खणणाऱ्याला पाणी किती खोल ते विचारावं आणि त्यानं म्हणावं, उडी मारून बघा.

यावर माझ्याकडे औषध होतं. मुद्दाम चुकीचं लिहायचं, कागद त्याच्या टेबलावर ठेवायचा आणि चहाला जायचं. इंजिनियर माणूस विचारल्यावर सांगणार नाही, पण आपल्या कामाबद्दल चुकीचं वाचलं की त्याच्या अंगाची लाही होते. चहा संपायच्या आत धावत येतो आणि विचारलेलं सांगून वर न विचारलेलंही सांगतो.

मेल्विनवर ते औषध उलटलं. त्याची एक आज्ञा ही एवढी लांब, मध्ये आडव्या रेघा, शेवटी ठिपके. मी मुद्दाम चुकीचं लिहून ठेवलं, नुसतं "आण भुजिंग". तो आलाच नाही. संध्याकाळी जाऊन बघते तर पठ्ठ्या प्रोग्राम बदलून बसलेला. "तुमचं जास्त बरं वाटलं," म्हणाला. तेव्हापासून जर्मनीतले न् ब्राझीलमधले इंजिनियर रोमन अक्षरांत 'आण' लिहितात आणि हवं ते येतं. घरी मी आण म्हटलं तर कोणी जागचं हलत नाही.

आता भुजिंग कुठून आलं ते सांगते. प्रोग्राम लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे आणतो. त्या तुकड्याला म्हणायचं पॅकेज. ही पॅकेजं एका मोठ्या सार्वजनिक कोठारात असतात, आणि मागितलेलं तिथून आणून देणं हे मेल्विनच्या यंत्रणेचं काम. गंमत अशी की एका पॅकेजला दुसरी लागतात, त्यांना तिसरी. हे समजवायला उदाहरण हवं. बाकीचे लोक उदाहरणाला अबक असलं काहीतरी नाव देतात. अबक वाचून कोणाला भूक लागणार आहे? मी भुजिंग घेतलं. आमच्या आगाशीची खासियत, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, पोहे, बटाटे आणि लसूण-मिरचीचं वाटण. तुम्ही नुसतं भुजिंग मागायचं. त्याला कोंबडी लागते, पोहे लागतात, हे ओळखून यंत्रणा सगळं आपोआप आणते. भांडण लागतं मसाल्यावरून. भुजिंगला नवा मसाला हवा, शेजारच्या कालवणाला जुनाच हवा, आणि स्वयंपाकघर एकच. तेव्हा कोणाचं ऐकायचं आणि कोणाला न दुखवता, हा अशा यंत्रणेचा खरा कस. मेल्विननं ते फार सुरेख सोडवलं होतं. माझ्या सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई यांच्या काळात हा मुलगा आमच्याकडे यायला हवा होता.

आणि इथे माझा नेम आडवा आला. पहिल्या पानावर "आण भुजिंग" लिहिलंय म्हणजे ते आलं पाहिजे. तेव्हा मी मेल्विनला म्हटलं, कोठारात खरंच भुजिंग नावाचं पॅकेज ठेव, जोडीला कोंबडी आणि पोहेही.

"आत काय टाकू?"

"काही नको. नुसतं खोकं आणि वर नाव."

"रिकामं?"

"अरे, लोक सरावापुरतं आणतील आणि काढून टाकतील."

तसं मी पुस्तिकेत लिहिलंही होतं. सातव्या प्रकरणात, ठळक अक्षरांत: सराव संपला की भुजिंग काढून टाका. काढायची रीत दिली, शेजारी चित्रही दिलं. अजून काय करायचं माणसानं?

पण सातव्या प्रकरणापर्यंत यायला दुसरं प्रकरण उघडावं लागतं. लोकांनी पहिल्या पानावरची ओळ उचलली, आपल्या कामात चिकटवली, चालतंय म्हटल्यावर पुस्तिका मिटली. त्यांचं बघून त्यांच्या शेजाऱ्यांनी चिकटवली. पाहता पाहता पंपात भुजिंग, दुधाच्या शीतपेटीत भुजिंग, लिफ्टमध्ये भुजिंग.

आणि मग मला पत्रं यायला लागली, कारण खोक्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव होतं. ब्राझीलच्या एका माणसानं विचारलं, "भुजिंगची नवी आवृत्ती बरेच दिवस आलेली नाही. प्रकल्प बंद पडला का?" मी कळवलं, पूर्ण झालेला आहे. कोणीतरी तक्रार केली की भुजिंग घेतल्यापासून त्याचं यंत्र हळू चालतं. फिनलंडच्या दोघांनी 'हलकं भुजिंग' नावाचं वेगळं पॅकेज काढलं. तेही रिकामंच. मग कोणतं रिकामं चांगलं यावर त्यांच्यात अशी जुंपली की मलाच मध्ये पडून सांगावं लागलं, दोन्ही चांगली आहेत. अहमदाबादच्या एका गृहस्थांनी अतिशय नम्रपणे लिहिलं, ते शाकाहारी आहेत आणि भुजिंगबरोबर कोंबडी नावाचं पॅकेज आपोआप येतं, ते टाळता येईल का. तेही रिकामंच आहे असं मी कळवलं. त्यांनी उत्तर दिलं, प्रश्न आत काय आहे हा नाही. त्यांचंही बरोबर होतं. पण आगाशीत राहून पनीर भुजिंग काढायचं माझं धाडस झालं नाही.

मला हसू यायचं. हसू संपलं ते जोगळेकर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा. जोगळेकर आमचे मुख्य. ठाण्याहून घोडबंदर रस्त्यानं गाडीनं येत, त्यामुळे पोचेपर्यंत त्यांचं एखाद्याशी भांडण झालेलंच असे. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"बाई, हे तुमच्या पुस्तिकेचे वाचक. पहिल्या पानावर ही जत्रा. दुसऱ्या पानावर बघा."

दुसऱ्या पानावर शुकशुकाट.

"आणि सातव्यावर फक्त एक जण दिसतो, तो आपल्याच ऑफिसातला. तुम्हीच असाल."

"मीच आहे."

"मग आता सांगा, कशासाठी लिहायचं? ते नवं यंत्र आलंय ना, सांगितलं की फडाफडा लिहून देतं. यापुढे पुस्तिका तेच लिहील. तुमची निवृत्ती जवळ आलीच आहे. तुमच्यानंतर ही जागा भरायची नाही असं ठरलंय."

मी गेल्यानं काही अडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझ्यामागे त्या खुर्चीवर कोणीच नाही, हे फार लागलं. सुताराच्या मागे सुतार येतो, न्हाव्याच्या मागे न्हावी. माझ्यामागे भिंतीतला प्लग. मी म्हटलं, "साहेब, आग विझवायचं ते लाल नळकांडं आपण जिन्यात लावलंय, ते रोज कोण वापरतं? म्हणून काढून टाकता का?" ते म्हणाले, "चांगली आठवण केलीत. काढायचंच म्हणता, तर ते भुजिंगही काढा. कोठारात कचरा नको."

मी मेल्विनला निरोप दिला. त्यानं जेवण झाल्यावर, बडीशेप चघळत, भुजिंग काढून टाकलं.

चालत्या लिफ्टना काही झालं नाही हे आधीच सांगते, नाहीतर कोणीतरी जिने चढायला लागेल. पण ज्यांचं नवं काम चालू होतं त्यांचं सगळं ठप्प. यंत्र एकच पालुपद लावून बसलं, भुजिंग मिळत नाही, पुढे जाता येत नाही. आमचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. खालचे बिजागरीवाले शेठ वर येऊन हळूच विचारून गेले, "तुमच्यात कोणी गेलं का?" मेल्विननं घाम पुसत रिकामं खोकं परत जागेवर ठेवलं, आणि जगाचा जीव भांड्यात पडला.

पण आता ते सर्वांच्या डोळ्यावर आलं होतं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे जर्मनीतली एक लिफ्टची कंपनी. तिथले सुरक्षा अधिकारी क्लाउस यांचं पत्र आलं. त्यांच्या नियमात लिफ्टमधल्या प्रत्येक भागाचा कागद लागतो. हा भाग काय करतो आणि त्याला जबाबदार कोण. भुजिंगचा कागद सापडत नाही. तो पाठवा, नाहीतर आम्हाला तुमची भाषा सोडावी लागेल. त्यांनी भाषा सोडली असती तर आमच्या कंपनीचं शटर खाली आलं असतं, हे चहावाल्यालाही माहीत होतं.

साहेब उलट खूश झाले. नव्या यंत्राची परीक्षा घ्यायची संधी. त्यांनी यंत्राला हुकूम सोडला आणि चुटकीसरशी जाडजूड कागद तयार. भुजिंग हा एक सक्षम, भरवशाचा व सर्वसमावेशक उपाय असून तो लिफ्टमधील तापमान, वजन आणि दरवाजांची हालचाल यांत सुसूत्रता आणतो. वाचायला इतकं गोड की मलाच क्षणभर वाटलं, आपण केवढं मोठं काम करून बसलो. मी साहेबांना म्हटलं, "अहो, यातलं काहीही त्यात नाही." ते म्हणाले, "बाई, शेवटी कोण वाचतं?"

क्लाउस वाचतो. त्याची माणसं कितीतरी दिवस भुजिंगमधलं तापमान शोधत होती.

मग त्यानं सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर तो, इकडे साहेब, मेल्विन आणि मी. बोलणं इंग्रजीतून. तो चिडत नव्हता. ओरडणाऱ्या माणसाशी मी कशीही बोलते, पण न ओरडणाऱ्याची मला भीती वाटते. तो म्हणाला, "तापमानाचा भाग सापडला नाही. वजनाचाही नाही. भुजिंग काय करतं हे एका वाक्यात सांगणारं कोणी आहे का?"

साहेब माझ्याकडे बघेनात, मेल्विन बुटाकडे बघायला लागला. मी आदल्या दिवशी इंग्रजीत लिहून ठेवलेला कागद कॅमेऱ्यापुढे धरला. त्यात एवढंच होतं: "भुजिंग काहीही करत नाही. आत काहीही नाही. ते रिकामंच राहील याची जबाबदारी माझी. सराव संपल्यावर ते काढून टाकायचं होतं, पुस्तिकेचं सातवं प्रकरण पाहावं." खाली सही.

क्लाउसनं ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"तुमच्याकडून आलेला हा पहिला कागद मला समजला," तो म्हणाला.

मेल्विननं घाईघाईनं सांगितलं की आता काढून टाकता येईल, सोपं आहे. क्लाउसनं मान हलवली. लिफ्टमधून कोणताही भाग काढला की त्या प्रत्येक लिफ्टची तपासणी पुन्हा करावी लागते. भाग रिकामा असला तरी? असला तरी. रिकामा भाग आहे याचा कागद आता झाला, तेव्हा तो भाग तिथेच राहू दे. "फक्त," तो साहेबांकडे वळला, "जबाबदार माणूस कायम लागेल. माणूस, यंत्र नाही. यंत्रानं काय लिहिलं ते मी वाचलंय. या बाई निवृत्त झाल्यावर कोण?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. आयुष्यात गप्प बसून माझा फायदा झाल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. हा त्यातला होता.

"अर्थात," साहेब म्हणाले, "या जागेवर नेहमी माणूसच असेल."

"आणि तोच माणूस पुस्तिका लिहील," मी म्हटलं, क्लाउसच्या देखत.

"हो हो. तोच लिहील."

"आणि निवड मी करीन."

मेल्विन टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावून गप्प बसायची खूण करत होता. पण साहेब हो म्हणाले.

जिंकले म्हणून आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, घरी येताना फार वाईट वाटत होतं. एवढी वर्षं लिहिलं, एकेका वाक्यासाठी जीव टाकला, आणि खुर्ची वाचली ती कशानं, तर ज्या खोक्यात मी काहीच घातलं नाही त्या खोक्यानं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, कुंपण तरी काय करतं? नुसतं उभं असतं." समजूत काढायची त्यांची पद्धत आहे ती. मी रात्री जेवले नाही. आणि साहेबांचा तो पडदा डोळ्यांसमोरून जाईना. दुसऱ्या पानावर शुकशुकाट. साहेबांचं बोलणं खोटं नव्हतं ना. वाचणारा एकही नसेल तर लिहिणाऱ्याची खुर्ची ठेवून तरी काय करायची?

मग माणूस निवडायची वेळ आली. साहेबांना पदव्या बघायच्या होत्या. मी म्हटलं, पदव्या तुम्ही बघा, मला एक कोरं यंत्र आणि माझी पुस्तिका द्या. येईल त्याला मी एवढंच सांगत असे, "ही पुस्तिका, हे यंत्र. करा." जो तो यायचा, पहिलं पान उघडायचा, "आण भुजिंग" करायचा, खुर्ची मागे लोटून म्हणायचा, "झालं मॅडम." मी बघायची. भुजिंग तिथेच. एकानं तर पुस्तिका लांबलचक आहे म्हणून त्या नव्या यंत्राकडून तिचं सार काढून घेतलं आणि मलाच वाचून दाखवलं. त्यात सातवं प्रकरण नव्हतं. साहेब येऊन विचारायचे, "मिळालं का कोणी?" आणि माझं तोंड बघून परत जायचे.

शेवटी हेमांगी आली. अर्नाळ्याची, कोळ्यांच्या घरातली, चाळिशीला टेकलेली. आधी औषध कंपनीत होती. बाटलीबरोबर बारीक अक्षरांचा कागद घडी घालून येतो ना, जो आपण फेकून देतो, तो ती लिहायची. तिनं पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली, पर्स पायाशी ठेवली आणि पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दुपार झाली तरी वाचतेच आहे. मधे फक्त एकदा म्हणाली, "मॅडम, पानी मिळेल?" साहेब दारातून डोकावून मला हळूच म्हणाले, "फार हळू आहे हो ही." मेल्विनही कशाला तरी म्हणून येऊन गेला, आणि मग गेलाच नाही, दाराला टेकून उभा राहिला.

चहाच्या वेळेला तिनं मान वर केली. जरा घाबरली होती.

"मॅडम, एक चूक झाली का बघा. सातव्या प्रकरनात लिहिलंय, सराव संपला की भुजिंग काढून टाका. म्हनून मी काढलं. काढायचं होतं ना?"

साहेब किंचाळायच्या बेतात होते. "काढलं?"

"तिच्या यंत्रातलं, साहेब," मेल्विन म्हणाला. "कोठारातलं आहे जागेवर."

माझे डोळे भरून आले, त्यात लपवायचं काय. मी उठले, माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि साहेबांना म्हटलं, बाहेर जे बसलेत त्यांना घरी जायला सांगा.